सुमोचे विधी आणि परंपरेचा युक्तिवाद

जपानातील सुमो ह्या मल्लयुद्धाविषयी जे लिहिले जाते त्यात एक विधान हमखास आढळते. सुमो हा मुळात खेळ नव्हेच. तो देवतांपुढे करावयाचा विधी आहे, आणि दोन हजार वर्षे तो अखंड चालत आलेला आहे, असे ते विधान होय. ह्या विधानाचे दोन भाग आहेत आणि ते एकमेकांपासून सुटे करून तपासले पाहिजेत. सुमोमध्ये धर्मविधीचा अंश आहे, हा पहिला भाग. तो विधी आज ज्या रूपात दिसतो त्याच रूपात प्राचीन काळापासून उतरत आला आहे, हा दुसरा. पहिला भाग खरा आहे म्हणून दुसराही खरा मानण्याची चूक भाविक लेखक करतात. दुसरा टिकत नाही म्हणून पहिलाही निकालात काढण्याची घाई अलीकडचे काही अभ्यासक करतात. आमच्या मते दोन्ही पक्ष मुख्य गोष्ट हातची घालवितात.

हा प्रश्न केवळ पुरातत्त्वप्रेमी मंडळींच्या कुतूहलाचा नाही. दि. ४ एप्रिल २०१८ रोजी क्योतो प्रांतातील माइझुरू ह्या शहरी व्यावसायिक मल्लांचा फिरता कार्यक्रम चालू होता. शहराचे महापौर मातीच्या उंच मंडलावर उभे राहून स्वागताचे भाषण करीत असताना मेंदूतील रक्तस्रावाने एकाएकी कोसळले. प्रेक्षकांतील काही स्त्रिया धावत वर चढल्या व त्यांनी महापौरांची छाती दाबून हृदयक्रिया चालू ठेवण्याचा प्रयत्न आरंभिला. इतक्यात ध्वनिक्षेपकावरून एका तरुण पंचाचा आवाज आला : स्त्रियांनी मंडलावरून खाली उतरावे. ही सूचना एकदा नव्हे, अनेकदा झाली. महापौर त्या दुखण्यातून बचावले. पुढे मंडलावर भरपूर मीठ उधळण्यात आले. ते अपघातानंतरच्या नित्य प्रथेप्रमाणे उधळले, स्त्रियांच्या स्पर्शामुळे नव्हे, असा खुलासा मागाहून करण्यात आला. सुमो संघटनेच्या अध्यक्षांनी ह्या प्रकाराबद्दल क्षमा मागितली. दि. २८ एप्रिल रोजी संघटनेने निवेदन काढून आणीबाणीच्या प्रसंगाचा अपवाद मान्य केला. पण मूळ नियम का आहे ह्याची तीन कारणेही दिली. सुमोचा उगम देवकार्यात आहे, हे पहिले. परंपरागत संस्कृतीचे जतन केले पाहिजे, हे दुसरे. मंडल हे मल्लांच्या दृष्टीने पुरुषांच्या झुंजीचे व साधनेचे पवित्र स्थान आहे, हे तिसरे.

ह्यांपैकी पहिली दोन कारणे इतिहासावर उभी आहेत. इतिहासाची साक्ष काढली की ती साक्ष तपासून पाहणे प्राप्त होते.

सर्वांत जुनी साक्ष इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या 'कोजिकी' ह्या ग्रंथाची. इझुमोच्या किनाऱ्यावर ताकेमिकाझुची व ताकेमिनाकाता ह्या दोन देवांची शक्तिपरीक्षा होते. ताकेमिनाकाता प्रतिस्पर्ध्याचा हात धरू जातो तो त्या हाताचे हिमखंडात आणि मग खड्गाच्या पात्यात रूपांतर होते. उलट त्याचा स्वतःचा हात कोवळ्या बोरूसारखा चुरडला जातो. तो सुवा सरोवरापर्यंत पळतो व शरण येतो. हा कलह देशाचे स्वामित्व कोणाकडे जावे ह्याचा आहे. येथे मंडल नाही, मीठ नाही, पंच नाही. शौर्यकथा आहे आणि तिच्या पोटात राजकीय हेतू आहे. दुसरी साक्ष इ. स. ७२० च्या 'निहोन शोकी'ची. सुइनिन राजाच्या सातव्या वर्षी, सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी, नोमि नो सुकुने व ताइमा नो केहाया हे दोन बलाढ्य पुरुष राजाज्ञेने एकमेकांशी भिडले. दोघांनी लाथा उगारल्या. सुकुनेने केहायाच्या बरगड्या मोडल्या, कंबर तुडवून त्यास ठार केले आणि त्याची जमीन बक्षीस मिळविली. आजच्या नियमांप्रमाणे ह्यांतील एकही कृती क्षम्य ठरणार नाही. तिथीही विचार करण्यासारखी आहे. ग्रंथ तयार झाल्यानंतर थोड्याच वर्षांनी, इ. स. ७३४ मध्ये, शोमू सम्राटाने सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशीच मल्लयुद्धे पाहिल्याची नोंद आहे, आणि पुढे सप्तमीच्या ह्या उत्सवाशी दरबारी मल्लयुद्धे जोडली गेली. तेव्हा कथेतील तिथी दरबारी सोहळ्याला प्राचीनत्व देण्यासाठी बसविलेली असावी, असा संशय येतो.

पण ह्याच 'निहोन शोकी'त आणखी एक कथा आहे, जिचा उल्लेख उत्सवाच्या पत्रिकांतून सहसा होत नाही. युर्याकु राजाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे परंपरागत गणनेने इ. स. ४६९ मध्ये, इनाबे नो माने नावाचा एक सुतार दगडाचा आधार घेऊन लाकूड तासत असे, आणि तरीही हत्याराची धार कधी जाऊ देत नसे. आपला हात कधी चुकत नाही, असे त्याने राजास सांगितले. राजाने दरबारातील स्त्रियांना वस्त्रे उतरवून, लंगोट नेसवून, सुताराच्या डोळ्यांदेखत कुस्ती खेळावयास लावले. सुताराची नजर ढळली, हत्यार दगडावर बसले. राजाने त्यास देहदंड फर्माविला व मागाहून माफ केला. ही कथा काही शोभादायक नव्हे. तीत स्त्रिया राजाच्या लहरीचे साधन आहेत. परंतु 'सुमो' हा शब्द आज ज्या दोन चिन्हांनी लिहिला जातो ती दोन चिन्हे जपानच्या इतिहासग्रंथात प्रथम येतात ती ह्या ठिकाणी. सुकुनेच्या कथेत वेगळी चिन्हे आहेत. ज्या शब्दाच्या बळावर स्त्रियांना मंडल वर्ज्य केले जाते तो शब्द लिखित रूपात पहिल्याने स्त्रियांच्याच झुंजीला लावला गेला.

ह्या दोन चिन्हांविषयी भारतीय वाचकांस रुचेल असे आणखी थोडे सांगण्याजोगे आहे. ती चिन्हे जपानात घडलेली नाहीत. चिनी बौद्ध वाङ्मयात ती आधीच रूढ होती. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये 'सद्धर्मपुण्डरीक' सूत्राचे चिनी भाषांतर केले. बोधिसत्त्वाने कोणाची संगत धरू नये ह्याची जी यादी त्या सूत्रात आहे तीत नट, नर्तक ह्यांच्याबरोबर मल्लही येतात, आणि भाषांतरात तेथे हीच दोन चिन्हे योजिली आहेत. म्हणजे ज्या नावाला आज पावित्र्याचे वलय आहे ते नाव एका थोर धर्मग्रंथात वर्ज्य करमणुकींच्या मालिकेत बसलेले आहे. ह्यावरून सुमो अपवित्र ठरते असे मुळीच नाही. शब्दाची वंशावळ आणि विधीचे पावित्र्य ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच ह्यावरून दिसते.

दरबारी मल्लयुद्धांचा सोहळा इ. स. ११७४ नंतर बंद पडला. म्हणजे 'अखंड' ह्या विशेषणाला येथेच मोठी खिंड पडते. मग धार्मिक मूळ शोधावयाचे कोठे? आमच्या मते ते राजवाड्यात नव्हे, तर खेड्यातील देवळात व भाताच्या शेतात शोधावे लागते.

सेतो अंतःसमुद्रातील ओमिशिमा बेटावर ओयामाझुमी नावाचे पुरातन देवस्थान आहे. तेथे वर्षातून दोनदा, रोपणीच्या सुमारास व कापणीच्या सुमारास, 'हितोरि-झुमो' म्हणजे एकट्याची कुस्ती होते. एकच मल्ल मंडलात उतरतो. समोर कोणी दिसत नाही. समोर असते ती भाताची देवता. पंच दोघांना आमोरासमोर उभे करतो. मल्ल हवेला मिठी घालतो, रेटतो, रेटला जातो, पाय रोवतो, घसरतो. तीन झुंजी होतात. त्यांपैकी दोन देवता जिंकते, एक मल्ल. देवता जिंकली की पीक चांगले येते. मल्ल हरतो तो लटके हरत नाही, पाहणाऱ्यास दुसऱ्या बाजूच्या जोराचा प्रत्यय यावा अशा रीतीने हरतो. ह्यातच त्याचे कौशल्य. ह्या विधीत निकाल आधीच ठरलेला आहे व तरीही झुंज करावीच लागते. मनुष्याने सर्व बळ एकवटून उभे राहावे आणि शेवटी धान्य देणाऱ्या शक्तीपुढे पडावे, ह्या पडण्यातच विधीची सिद्धी आहे. व्यावसायिक सुमोत मल्लाची श्रेणी, वेतन व कीर्ती ही सर्व जिंकण्यावर अवलंबून असतात. येथे हरणे हेच देणे आहे. सुमोच्या धार्मिक मुळांविषयी मोठमोठी पुस्तके जे सांगू शकत नाहीत ते ह्या एका लहानशा विधीत उघडे दिसते. क्योतोच्या कामिगामो देवस्थानात दरवर्षी ९ सप्टेंबरला मुलांच्या कुस्त्या देवापुढे होतात. तेथे आरंभी देवस्थानाचे सेवक कावळ्यासारख्या उड्या मारतात व कावळ्याचा आवाज काढतात. उत्तर जपानच्या काही भागांत अवर्षण पडले असता स्त्रियांनी कुस्ती खेळून पाऊस मागण्याची चाल होती. हे सर्व विधी स्थानिक, परस्परांहून भिन्न आणि कोणत्याही संघटनेच्या नियमांबाहेरचे आहेत.

आज 'सुमो' म्हणून जगाला जो माहीत आहे तो व्यवसाय मात्र ह्या देवळांतून सरळ आलेला नाही. तो एदो शहरातील निधिसंकलनाच्या कुस्त्यांतून आला. मंदिरांच्या दुरुस्तीसाठी पैसा उभारावा ह्या निमित्ताने तिकिटे लावून कुस्त्या भरविण्यास सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात परवानगी मिळू लागली. पुढे निमित्त तेवढे राहिले, धंदा स्थिर झाला. इ. स. १८३३ पासून ह्या कुस्त्यांचे कायमचे ठिकाण ठरले ते एको-इन हे मंदिर. आणि हे मंदिर शिंतो नव्हे, बौद्ध आहे. इ. स. १६५७ च्या प्रचंड आगीत मेलेल्या अनाम लोकांच्या शांतीसाठी ते उभारले गेले. शिंतोचा मूर्तिमंत आविष्कार म्हणून जो वर्णिला जातो तो खेळ पाऊणशे वर्षे एका बौद्ध मंदिराच्या आवारात पोसला गेला, ही गोष्ट भाविक लेखक घाईने ओलांडून जातात.

श्रेष्ठ मल्लाच्या कमरेस जो पांढरा जाड दोर बांधतात व ज्यावरून कागदाच्या नागमोडी पट्ट्या लोंबतात, तो शिंतो देवळापुढील पवित्र दोराचाच नमुना होय. तो पाहिला की मन सहज प्राचीन काळात जाते. परंतु हा दोर बांधून एकट्याने मंडलप्रवेश करण्याचा अधिकार योशिदा घराण्याने तानिकाझे व ओनोगावा ह्या दोन मल्लांना दिला तो इ. स. १७८९ मध्ये. पुढे इ. स. १७९१ मध्ये शोगुनापुढे कुस्त्या झाल्या व ह्या घराण्याच्या विधिज्ञानाला राजमान्यता लाभली. चतुर व्यवस्थापकांनी धर्माच्या भांडारातून एक चिन्ह उचलले आणि ते नेमके जागी बसले. 'योकोझुना' ही आजच्या अर्थाने श्रेणी बनली ती त्याहूनही पुष्कळ नंतर.

मेइजी काळात तर सुमोचे अस्तित्वच धोक्यात आले. उघड्या अंगाच्या झुंजी पाश्चात्त्यांच्या डोळ्यांत रानटी दिसतील, ही सुधारकांची भीती. इ. स. १८८४ मध्ये सम्राटाने कुस्त्या पाहिल्या आणि संकट टळले. इ. स. १९०९ मध्ये तोक्योत मोठे क्रीडागृह बांधले गेले, त्यास 'कोकुगिकान' म्हणजे राष्ट्रीय कौशल्याचे सभागृह असे नाव मिळाले, आणि सुमो हा 'राष्ट्रीय खेळ' ही कल्पना त्या नावासरशी लोकांत पसरली. पुढच्याच वर्षी पंचांनी एदोकालीन पोशाख टाकून मध्ययुगीन सरदाराचा झगा व काळी टोपी धारण केली. आजचा प्रेक्षक ज्या वेषाला सनातन समजतो तो अशा रीतीने इ. स. १९१० मध्ये शिवला गेला. इ. स. १९२८ मध्ये नभोवाणीवर कुस्त्यांचे वर्णन सुरू झाले. तोवर दोन मल्ल एकमेकांचा श्वास जुळेपर्यंत हवा तेवढा वेळ मीठ टाकीत व पुन्हा पुन्हा बसत. आता कार्यक्रमाच्या वेळापत्रकासाठी ह्या पूर्वविधीला दहा मिनिटांची मर्यादा घातली गेली. आज वरिष्ठ श्रेणीत ती चार मिनिटांची आहे. इ. स. १९३१ मध्ये मंडलाचा व्यास तेरा शाकूंचा पंधरा शाकू, म्हणजे सुमारे साडेचार मीटर, झाला. त्याच वर्षी वरचे छप्पर इसे येथील महादेवस्थानाच्या शैलीचे करण्यात आले. राष्ट्रवादाला भरती आलेल्या काळात हा बदल व्हावा ह्यात आश्चर्य नाही. इ. स. १९५२ मध्ये प्रेक्षकांच्या दृष्टीआड येणारे चार खांब काढून छप्पर वरून टांगले गेले आणि खांबांच्या जागी चार रंगांचे गोंडे आले. पूर्वेचा हिरवा नीलनागाचा, दक्षिणेचा तांबडा रक्तपक्ष्याचा, पश्चिमेचा पांढरा श्वेतव्याघ्राचा आणि उत्तरेचा काळा कृष्णकूर्माचा. ही चौकडी चिनी दिक्पालांची आहे. शिंतो छपराखाली चिनी दिशादेवता लोंबत आहेत, आणि ह्यात कोणाला विसंगती वाटत नाही. जपानी धर्मजीवनाचा हा मोठा सुखद गुण आहे.

हा सारा इतिहास अलीकडे चांगला उजेडात आला आहे. इ. स. १९८३ मध्ये 'परंपरेची निर्मिती' ही कल्पना हॉब्सबॉम व रेंजर ह्यांच्या संपादित ग्रंथाने रूढ केली, आणि ली थॉम्पसन ह्यांनी इ. स. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात योकोझुनाची श्रेणी व अजिंक्यपदाची पद्धती ह्या आधुनिक निर्मिती आहेत हे साधार दाखविले. त्यांच्या पुराव्याशी आमचा वाद नाही. परंतु ह्या संप्रदायाच्या सामान्य अनुयायांनी त्यातून काढलेला निष्कर्ष, की विधी म्हणजे केवळ वेषभूषा व जाहिरात, हा उथळ आहे. झगा केव्हा शिवला हे कळल्याने तो घालून मनुष्य काय करतो ते कळत नाही.

काय करतो ते पाहावयाचे असेल तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाहावे. प्रत्येक मोठ्या स्पर्धेपूर्वी मंडल नव्याने बांधतात. माती रचून, चोपून, तुडवून घट्ट करतात. भाताच्या पेंढ्याच्या गोण्यांत माती भरून त्या वर्तुळाकार अर्ध्या पुरतात. ह्या वर्तुळात वीस गोण्या असतात. हे काम यंत्राने होत नाही; मल्लांची नावे पुकारणारे सेवकच ते हातांनी करतात. मग ज्येष्ठ पंच पुरोहिताचे काम पत्करतो. मंडलाच्या मध्यभागी लहान चौकोनी खळगा ठेवलेला असतो. त्यात मीठ, धुतलेले तांदूळ, समुद्रशैवाल, वाळविलेले माकूल, चेस्टनट व काया वृक्षाच्या बिया अशा सहा वस्तू पुरतात, वर साके ओततात. ताजिकाराओ, ताकेमिकाझुची व नोमि नो सुकुने ह्यांना पाचारण होते. पंधरा दिवस ह्या पुरलेल्या नैवेद्यावर मल्ल पाय आपटतात, आदळतात, कधी रक्तही सांडते. शेवटच्या दिवशी पारितोषिके वाटून झाली की नवशिके मल्ल एका पंचास हातांवर झेलून वर उडवतात. हे देवतांना निरोप देणे. त्यानंतर ती माती केवळ माती होते. महाराष्ट्रीय वाचकास येथे पार्थिव मूर्तीचे आवाहन व विसर्जन आठवेल. साम्य अर्थातच त्या एका मुद्द्यापुरते आहे.

सुमोचा धार्मिक गाभा आम्हांस येथे दिसतो, दोरात किंवा टोपीत नव्हे. पवित्र स्थान कायमचे नसते. ते श्रमाने रचावे लागते, देवतेला बोलवावे लागते, आणि काम संपल्यावर तिला अडवून ठेवता येत नाही. ओमिशिमाच्या मल्लाचे हरणे आणि ह्या मंडलाचे मोडणे एकाच वृत्तीतून आलेले आहे. ही वृत्ती जुनी आहे की नवी ह्याला फारसे महत्त्व नाही, कारण तिचे सत्य दर वेळी नव्याने केलेल्या कृतीत आहे.

आता संघटनेच्या तीन कारणांकडे परत येऊ. पहिले कारण देवकार्याचे. ह्या बाबतीत निवेदनानेच एक महत्त्वाची कबुली दिलेली आहे : देवकार्य हा शब्द आदर व कृतज्ञता ह्या अर्थाने वापरला आहे, स्त्रीला अशुद्ध मानणाऱ्या विधीच्या अर्थाने नव्हे. ही कबुली प्रशंसनीय आहे. परंतु ती दिल्यावर पहिल्या कारणातून नियम निघत नाही. आदर व कृतज्ञता स्त्रियाही बाळगू शकतात. आणि रक्ताचा विटाळ हेच मनात असेल, तर मल्लांचे रक्त पुसून झुंजी पुढे चालू राहतात, हे प्रेक्षक नेहमी पाहतो. दुसरे कारण परंपरेचे. जी परंपरा नभोवाणीसाठी, छपरासाठी आणि प्रेक्षकांच्या नजरेसाठी चार दशकांत इतक्या वेळा वाकली तिला एकाच ठिकाणी न वाकण्याचे कारण परंपरेबाहेर शोधावे लागेल. इ. स. १९९३ मध्ये हवाईत जन्मलेल्या आकेबोनोस योकोझुनापद मिळाले. त्या वेळीही परंपरेचा हवाला देणारे होतेच. पाच वर्षांनी नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनास दोर बांधून मंडलप्रवेशाचा विधी त्यानेच केला, आणि जपानने तो आपला म्हणून जगाला दाखविला.

उरते तिसरे कारण : मंडल ही पुरुषांची जागा आहे. हे कारण तिन्हींत सर्वांत प्रामाणिक आहे, कारण ते देवतांच्या आड लपत नाही. एका व्यावसायिक मंडळीने आपल्या साधनेच्या जागेविषयी केलेला तो नियम आहे. नियम म्हणून त्याची चर्चा होऊ शकते, तो योग्य की अयोग्य हे ठरविता येते, आणि तो बदलता येतो. देवतांचे नाव मध्ये आणल्याने हीच चर्चा अशक्य होऊन बसते. इ. स. १९९० मध्ये मंत्रिमंडळाच्या मुख्य सचिव मोरियामा मायुमी ह्यांना पंतप्रधानांचा चषक देण्यासाठी मंडलावर येऊ दिले नाही. इ. स. २००० मध्ये ओसाकाच्या गव्हर्नर ओता फुसाए ह्यांनाही तेच उत्तर मिळाले. दोन्ही वेळा प्रश्न कुस्तीचा नव्हता, चषक हाती देण्याचा होता.

चषकांपुरती एक सूचना विधीच्या स्वतःच्या तर्कातूनच करता येते. आज पारितोषिके आधी वाटतात व देवतांना निरोप नंतर देतात. हा क्रम उलटला तर चषक दिला जाईल तेव्हा मंडलावर देवता नसतील, फक्त माती असेल. ह्या तोडग्याने देवतांना स्त्रियांचे वावडे आहे हे गृहीत धरल्यासारखे होते, आणि ते आम्हांस मान्य नाही, हे नमूद केले पाहिजे. पण ज्यांना विधीला हात न लावता मार्ग हवा आहे त्यांना तो उपलब्ध आहे. माइझुरू येथे अर्थात त्याचा काही उपयोग झाला नसता.